लिंबूसाहेबांचं बत्तिसावं मरण

"मास्तरीणबाई, आज मी किती वाजता मरते?"

सकाळचे साडेसात, भोरच्या पुढचा माळ, प्लायवूडचा किल्ला, आणि कांदेपोह्यांची बशी हातात धरून सव्वासहा फुटी गोरा माणूस मला हे विचारतोय. अंगात सोनेरी बटणांचा लाल कोट, पायात मात्र निळी हवाई चप्पल. बूट शॉटच्या आधी पाच मिनिटं घालायचे, असा त्याचा नियम.

"मरते नाही हो सर, मरतो," मी म्हटलं. "तुम्ही पुरुष आहात."

"तू म्हणते मी जाते, मी जेवते, मी दमले. मी तुझ्याकडून शिकले. चूक तुझी."

"बरोबर आहे साहेबांचं," चहाचा ट्रे घेऊन जाता जाता आमचे स्पॉटवाले गुलाबदादा म्हणाले. "साहेब, मास्तरीण बदला नाहीतर साडी नेसा."

तर मघाशी तुम्ही सगळे मला हसलात ना, फोन वाजला की भरल्या ताटावरून उठून धावते म्हणून? आता ऐका. आणि निनाद, मध्ये बोलू नकोस हं, तू बोललास की माझं राहून जाईल आणि मग मी परत कधीच सांगणार नाही.

आठ वर्षं झाली. मी बावीसची. एकांकिका स्पर्धांमधून नुकतीच सिरियलमध्ये शिरलेली, आणि काम काय, तर प्रॉम्प्टिंग. कॅमेऱ्याच्या खाली उकिडवं बसायचं आणि ह्या माणसाला मराठी ओळी सांगायच्या. नाव नेबोयशा. सर्बियाचा. सर्बिया म्हणजे सायबेरिया नाही, हे त्यानं पहिल्या दिवशी अख्ख्या युनिटला समजावलं आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या युनिटनं त्याला विचारलं, तुमच्याकडे बर्फ फार ना हो? नेबोयशाचं झालं नेबूशा, नेबूशाचं निंबूशेठ, आणि लाल कोट चढल्यावर लिंबूसाहेब. त्याला अर्थ कळला तेव्हा तो म्हणाला, "माझ्या नावाचा अर्थ आहे, जो भीत नाही तो. आणि इथे मी सरबत."

तिकडे तो नट होता बरं का. खरा. नाटक कंपनीत पंधरा वर्षं, टीव्हीवर हिरोसुद्धा. मग तिकडचं काम आटलं आणि कुठल्याशा जाहिरातीसाठी दोन आठवडे म्हणून इकडे आला तो अकरा वर्षं इथेच. मुंबईत गोरा पाहिजे म्हटलं की हा. "इंग्रज मी, पोर्तुगीज मी, डच मी, जर्मन डॉक्टर मी," तो बोटं मोजायचा, "फक्त सर्ब कधी नाही." आणि आपल्याकडे गोऱ्याचं काम म्हणजे शेवटी मरायचंच. तलवारीनं, तोफेनं, विहिरीत ढकलून, एकदा तर हत्तीच्या पायाखाली, हत्ती थर्माकोलचा. आमच्या सिरियलमधला कॅप्टन म्हणजे त्याचं बत्तिसावं मरण होतं.

"मग? किती वाजता?"

"तीनला तोफ. सव्वातीनला तुम्ही."

"छान. साडेतीनला आजीला फोन."

ही आजी म्हणजे काय, ते नीट सांगते, कारण सगळं तिच्यावरच आहे. नेबोयशा चार वर्षांचा असताना बाप घर सोडून गेला. आई जर्मनीला कारखान्यात, वर्षातून एकदा यायची. ह्याला वाढवलं आजीनं, डॅन्यूब नदीकाठच्या एका खेड्यात, सहा कोंबड्या आणि एक गाय. पुढे हा टीव्हीवर आला, एका एपिसोडात ह्याला गोळी लागली, आणि शेजारच्यांकडे टीव्ही बघत बसलेली ही बाई उठली, घरी गेली, काळे कपडे घातले आणि जाऊन एसटी स्टँडवर बसली. तिकडचं जे काय असेल ते एसटी स्टँड. नातवाचं प्रेत आणायला! लोकांनी धरून आणली. तेव्हापासून नियम: पडद्यावर मेलास की त्याच दिवशी मला फोन कर. एपिसोड चार महिन्यांनी लागो. मला आधी तुझा आवाज पाहिजे.

आणि हा करायचा. प्रत्येक वेळी. मेला की रक्तबिक्त तसंच ठेवून जनरेटरच्या गाडीमागे जायचा, आणि आम्हाला नुसती त्याची लाल पाठ हलताना दिसायची. जनरेटर धडधडतोय, शब्द एक ऐकू यायचा नाही. काय बोलता हो, मी एकदा विचारलं. म्हणाला, "दोन शब्द. झिव सम. मी जिवंत आहे. तुमचा जीव, आमचा झिव. भाऊ भाऊ."

शब्दांचं त्याला वेडच होतं. एकदा लंचला मेकअपमनची छोटी मुलगी सगळ्यांना टाटा करत चालली होती. हा हसायलाच लागला. म्हणाला, आमच्याकडे टाटा म्हणजे बाप. "बरोबर शब्द आहे. माझा टाटा, टाटा करून गेला." आम्ही हसून हसून लोळलो. हे लक्षात ठेवा. आणि अजून एक. सेटवर कुणी 'अरे बाबा' म्हटलं ना, की तो गालात हसायचा. आपण तर दिवसातून शंभर वेळा म्हणतो, नको रे बाबा, जा रे बाबा. हा प्रत्येक वेळी हसायचा. मी त्याला दहा हजार गोष्टी विचारल्या असतील. ही नाही विचारली.

हां, तर आजी. पंधरा दिवसांपूर्वी ती अंगणात पडली होती. खुबा मोडला, हॉस्पिटल, मग छातीत कफ. मावसबहीण तिच्याजवळ होती, ती रोज कळवायची. डॉक्टर म्हणाले, आहेत अजून काही आठवडे, पण यायचं तर या. हा लगेच यशोधन सरांकडे, म्हणजे आमच्या दिग्दर्शकांकडे गेला. सर वाईट नव्हते हो. डोकं धरून बसले आणि म्हणाले, "अरे बाबा, जा, मी कोण अडवणारा? फक्त मरून जा. कॅप्टन मेल्याशिवाय माझी गोष्ट पुढे सरकत नाही." मग सगळं शेड्यूल उलटंपालटं करून मरण आधी घेतलं. आज मरायचं, संध्याकाळी गाडीनं मुंबई, उद्या पहाटेचं विमान. आदल्या रात्री फोनवर त्यानं आजीला हेच सांगितलं होतं. उद्या मेलो की निघालो.

आता माझी चूक.

त्याच्या लाल कोटाला खिसा नव्हता, म्हणून शूटिंगच्या वेळी त्याचा फोन माझ्याकडे असायचा. आणि महिनाभरापूर्वी काय झालं होतं, तर तिकडच्या पेपरात ह्याच्यावर काहीतरी छापून आलं, आपला नट भारतात वगैरे, आणि ते वाचून तो बाप उगवला. चाळीस वर्षांनी! फोनावर फोन. कधी स्वतः, कधी त्याच्या दुसऱ्या बायकोची मुलगी, दर वेळी वेगळा नंबर. एकदा शॉटच्या आधी फोन घेतला तर ह्याला पुढे अर्धं पान आठवेना. तेव्हा त्यानंच मला सांगितलं, "मास्तरीण, बापाचा फोन आला तर मला सांगू नको. तो मेला म्हणाले तरी सांगू नको."

"सर, अहो असं कसं?"

"शपथ घे."

मी घेतली. गळ्याला चिमटा घेऊन, अगदी लहान मुलांसारखी. इतकी भारी वाटले ना मी मला! म्हणजे एवढा मोठा नट आणि त्याच्या दारावर मी उभी.

तर त्या दिवशी पावणेअकराला फोन वाजला. सर्बियाचा नंबर, पण नाव आलं नाही. बहिणीचा असता तर नाव आलं असतं. तो समोर पायऱ्यांवर तलवारीची तालीम करत होता. मी बाजूला जाऊन घेतला. एक बाई. लाइनवर नुसती खरखर. तिला इंग्रजी येत नव्हतं आणि मला तिचं काहीच.

"नेबोयशा? प्लीज, नेबोयशा. बाबा वॉन्ट स्पीक."

मी म्हटलं, हां, आली सावत्र बहीण.

"ही इज बिझी, मॅडम."

"बाबा वॉन्ट. प्लीज. बाबा नो टाइम."

"शूटिंग, मॅडम. शूटिंग." आणि ठेवला.

बाबांना टाइम नाही! मला इतका राग आला. चाळीस वर्षं होता तेव्हा टाइम, आणि आज ह्याची आजी तिकडे आजारी, ह्याचा एवढा मोठा सीन, तर आजच बाबांना टाइम नाही. मी गुलाबदादांना सांगितलंसुद्धा. ते म्हणाले, "बरं केलंस पोरी. मरणाच्या दिवशी माणसाला शांत ठेवावं."

साडेबाराला परत. तीच बाई. आता रडत होती. मला वाटलं, नाटकं.

"बाबा आस्क. नेबोयशा, ही अलाइव्ह? प्लीज, यू टेल. अलाइव्ह?"

आणि मी...

थांबा, पाणी द्या जरा.

मी काय म्हटलं माहितेय? बावीस वर्षांची, सेटवरची, आगाऊ. मी म्हटलं, "नो मॅडम. टुडे ही इज डाइंग. आफ्टर थ्री ओक्लॉक, डेड." आणि फोन ठेवून मी स्वतःशीच हसले. दिवसभर जो विनोद चालू होता तोच केला मी. हे मी त्याला कधी सांगितलं नाही. कुणालाच नाही. तुम्हालाच सांगतेय.

दोनला परत वाजला. मी उचललाच नाही. आवाज बंद करून टाकला.

सव्वातीनचं मरण मात्र काय केलं त्यानं! तोफेचा धूर, हा पायऱ्यांवरून गडगडत खाली, टोपी एकीकडे, आणि शेवटची ओळ होती, "हा मुलूख आमचा नव्हताच." आठ महिने मी त्याचा 'ळ' घासत होते. मुलूखमध्ये ळ नाही, माहितेय मला, पण तो नको तिथे घालायचा, मुळूख म्हणायचा. त्या दिवशी चोख म्हणाला. डोळे उघडे ठेवून मेला. पहिल्याच टेकला ओके. सगळ्या युनिटनं टाळ्या वाजवल्या, लढाईतले पन्नास मावळेसुद्धा.

पण कॅमेरा बंद करायचा नसतो. आमच्या युनिटची पद्धत होती ती, गुलाबदादांनी लावलेली. मेलेल्या माणसाला तसंच उठू द्यायचं नाही. तोंडात चिमूटभर साखर घालायची आणि तो हसेपर्यंत कॅमेरा चालू ठेवायचा, नाहीतर मरण अंगाला चिकटतं म्हणे. गुलाबदादा गेले, साखर घातली. "हसा साहेब. हसा, म्हणजे आजीकडे मोकळे." आणि तो पडल्या पडल्या हसला. असा हसला ना, सगळे दात, मिशीला धूळ, कपाळावर खोटं रक्त. मी मागेच उभी होते.

कट झाला तसा तो हात पुढे करत आला. "फोन. मी मेले."

"मेलो," मी म्हटलं. "आणि सर, एक सांगू? तुम्हाला आज अजिबात त्रास होऊ दिला नाही मी. सकाळपासून चार वेळा तुमच्या बाबांचा फोन आला. एकदाही दिला नाही."

तो हसतच होता. "कोणाचा?"

"तुमच्या बाबांचा. ती बाई बोलत होती. बाबा वॉन्ट स्पीक, बाबा नो टाइम."

हसू एकदम नाही गेलं त्याचं. तेच मला आठवतं. तोंड हसरंच राहिलं आणि डोळे आधी गेले. त्यानं फोन घेतला, नंबर बघितला. मग मला, अगदी हळू, शाळेत विचारतात तसं विचारलं, "मास्तरीण, बाबा कोण?"

"म्हणजे... तुमचे वडील."

"वडील टाटा. बाबा आजी आहे."

मला कळलंच नाही.

"आमच्या भाषेत. आजीला बाबा म्हणतात." आणि मग एकदा नुसतंच, "बाबा."

टाटा त्यानंच शिकवला होता. मी पोट धरून हसले होते त्याच्यावर. बापाला टाटा म्हणतात हे मला माहीत होतं! पण फोनवर बाबा ऐकलं आणि माझ्या कानाला दुसरं काही सुचलंच नाही. बाबा म्हणजे बाबा. अजून काय असणार?

तो जनरेटरकडे गेला नाही. तिथेच, माझ्यासमोर, त्यानं तो नंबर लावला, पाच-सहा वेळा लावल्यावर लागला. हॉस्पिटलचा नंबर होता तो. बहिणीचा मोबाइल घरी राहिला होता, रात्री धावपळीत. तिनंच उचलला. त्यानं तिचं सगळं ऐकून घेतलं. मग मनगटावर घड्याळ बघायला गेला, पण कॅप्टनच्या मनगटावर घड्याळ कुठलं. त्यानं मलाच विचारलं, "किती वाजले?"

"तीन चाळीस."

"पंधरा मिनिटं," तो म्हणाला. "पंधरा मिनिटं झाली तिला जाऊन."

मग फोनमध्ये बहिणीला काहीतरी सांगितलं. थोडा वेळ गेला. तिनं फोन तिकडे आजीच्या कानाशी नेला असणार, कारण तो एकदम वाकला, जणू काही ती बुटकीशी आजीच समोर उभी आहे, आणि म्हणाला, "झिव सम, बाबा." आवाज नाटकातला नाही, साधा. "झिव सम. झिव सम, बाबा."

पन्नास मावळे, तोफवाले, लाइटवाले, सगळे हातातलं काम सोडून उभे. यशोधन सरांनी हातातलं पान उलटं धरलं होतं. कुणीतरी जनरेटर बंद केला, पहिल्यांदाच, आणि सगळा माळ ऐकत होता. बाबा, बाबा. सगळ्यांना वाटलं, वडील गेले.

पुढे काय करणार कोण? विमान उद्या पहाटेचं, त्याच्या आधी एकही नाही, प्रॉडक्शननं तीन ठिकाणी विचारलं. सर म्हणाले, माझी गाडी घ्या, आत्ता निघा. पण निघून जाणार कुठे, विमानतळाच्या बाकावर? तो प्लायवूडच्या पायरीवर बसला. मेकअपमन खोबरेल तेल आणि कापूस घेऊन कपाळावरचं रक्त पुसत होता आणि तो लहान मुलासारखा तोंड वर करून बसलेला. गुलाबदादांनी चहा आणला, हातात धरून उभे राहिले, मग तसाच परत नेला.

मी समोर जाऊन उभी राहिले. सॉरी म्हणायला तोंड उघडलं तर रडूच आलं.

तो म्हणाला, "रडू नको. मी सांगितलं होतं, देऊ नको. तू राखण केली."

चिडला असता ना, एक थोबाडीत मारली असती ना, तर मी आज इथे हसत बसले असते. पण तो उलट मलाच विचारत होता, "बहीण म्हणते, बाबा सकाळपासून एकच विचारत होती. तो मेला का? फोन का नाही? मास्तरीण, बहिणीनं तुला विचारलं होतं का, मी जिवंत आहे का?"

मी मान हलवली. हो.

"तू सांगितलं ना, हो म्हणून?"

सगळे बघत होते माझ्याकडे.

"हो," मी म्हटलं.

तो म्हणाला, "चांगलं केलं." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. तेलकट हात.

पाचला गाडी आली. लाल कोट उतरवून तो साध्या स्वेटरमध्ये आला तेव्हा इतका म्हातारा दिसला! सगळे गाडीपर्यंत गेलो. त्यानं गुलाबदादांना मिठी मारली, सरांना नमस्कार केला, आणि काच खाली करून माझ्याकडे बघून म्हणाला, "जातो."

आठ महिने मी त्याला दोन गोष्टी शिकवत होते. एक, जाते नाही, जातो. दुसरी, निघताना जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं. पहिली त्या दिवशी बरोबर आली. दुसरी मी सुधारली नाही. गुलाबदादा एरवी लगेच म्हणाले असते, येतो म्हणा साहेब, येतो. तेही नाही म्हणाले.

आला नाही तो परत. तिकडेच राहिला. त्याच्या खेड्यात. असं ऐकलं.

आणि ती साखर खाऊन हसतानाची क्लिप आहे ना, ती सिरियलमध्ये लागत नाही, पण एडिटरनं मला पाठवली, कौतुकानं, की बघ, साहेब किती सुंदर हसलाय. माझ्या फोनमध्ये आहे अजून. दाखवते. पण त्याच्याकडे नका बघू. त्याच्या मागे, उजव्या कोपऱ्यात बघा. काळा टीशर्ट, ती मी. हातात त्याचा फोन. आता बघा, तो हसायला लागतो आणि माझ्या हातात उजेड पडतो. दिसला? तीन पंचवीस आहे ती वेळ.

आणि हा माझा अंगठा.